दिवसभराचं उन्हाळी शिबिर, खिशाला परवडेल असं

एप्रिल लागला की सोसायटीच्या लिफ्टमध्ये, किराणा दुकानाच्या काचेवर आणि व्हॉट्सॲपवर शिबिरांच्या जाहिराती झळकू लागतात. मोठ्या अक्षरात फी आणि खाली बारीक अक्षरात वेळ: सकाळी 9.30 ते 12. घरात दुपारी कुणीतरी मोठं माणूस असतं त्यांच्यासाठी हे ठीक आहे. आई-बाबा दोघंही नोकरीवर जात असतील, किंवा एकटी आई अथवा एकटे बाबा घर चालवत असतील, तर अडीच तासांच्या शिबिराने प्रश्न सुटत नाही. बारा वाजता आणायला कोण जाणार, हा नवा प्रश्न मात्र उभा राहतो.

म्हणून फी बघून स्वस्त-महाग ठरवू नये. ने-आण धरून एका तासाला किती पडतात ते काढावं. समजा दहा दिवसांचं शिबिर आहे, रोज अडीच तास, फी 4,000 रुपये. तास झाले 25, म्हणजे तासाला 160 रुपये. सोडायला जाणारं माणूस रिक्षाने जाणार, परत येणार, पुन्हा आणायला जाणार आणि परत येणार: चार फेऱ्या, एका फेरीचे 60 धरले तर रोजचे 240, दहा दिवसांचे 2,400. आता तासाला 256 पडले. दुसरीकडे घराजवळच्या पाळणाघरात सुट्टीची पूर्ण दिवसाची बॅच आहे, समजा महिन्याला 9,000. आकडा ऐकून पोटात गोळा येतो. पण 22 दिवस, रोज दहा तास म्हणजे 220 तास. तासाला 41 रुपये. तुमच्या भागातले आकडे वेगळे असतील, पण गणित हेच मांडा. बहुतेक वेळा महागडं दिसणारं स्वस्त निघतं.

तुम्हाला रोज किती तास लागतात, तेही घड्याळ लावून काढा. ऑफिसची वेळ नऊ ते सहा असली तरी डोंबिवली किंवा ठाण्याहून लोकल धरणाऱ्याला, हिंजवडीच्या वाहतुकीतून परतणाऱ्याला सकाळी सव्वाआठ ते संध्याकाळी साडेसात एवढं अंतर भरून काढावं लागतं. जाहिरातीत 'फुल डे' लिहिलेलं असतं तेव्हा त्याचा अर्थ अनेकदा नऊ ते तीन किंवा दहा ते चार असतो. फोनवर पहिला प्रश्न फीचा नको. विचारा, 'सकाळी तुमचं दार किती वाजता उघडतं आणि शेवटचं मूल किती वाजता जातं?' दुसरा प्रश्न, 'पंधरा मिनिटं उशीर झाला तर काय करता?' उशिराचे जादा पैसे किती, ते दर पंधरा मिनिटांना की दर तासाला, आणि त्या वेळी मुलाजवळ कोण थांबतं, हे कळल्याशिवाय नोंदणी करू नका.

आधी दिनदर्शिका, मग पैसे

शिबिर शोधण्याआधी कागदावर नेमके दिवस मोजा. 2025 ची राज्य मंडळाच्या शाळांची सुट्टी घेऊ: 2 मेपासून सुरू, शाळा उघडल्या 16 जूनला (विदर्भात 23 जूनला). विदर्भ सोडून इतरांचे शनिवार-रविवार वगळले तर कामाचे दिवस उरतात 31. ऐकताना दीड महिना फार मोठा वाटतो, 31 दिवसांचं नियोजन त्यामानाने आवाक्यातलं आहे.

या 31 दिवसांतला एक आठवडा गावी, आजोळी किंवा मावशीकडे जाईल असं धरा. आई-बाबांनी रजा एकत्र घेण्याऐवजी आळीपाळीने घेतली तर तीच रजा दुप्पट पुरते. दोघांनी मिळून चार दिवस फिरायला जायचं असेल तर जरूर जा, पण मग ते चार दिवस मूल सांभाळण्याच्या हिशेबात एकदाच धरले जातील.

इथे एक बारकावा आहे आणि त्याने बरेच पैसे वाचतात. पाळणाघरं बहुधा कॅलेंडरच्या महिन्याप्रमाणे फी घेतात. सुट्टी मे आणि जूनमध्ये विभागलेली असते, त्यामुळे जूनच्या दहा दिवसांसाठी पूर्ण महिन्याचे पैसे जाऊ शकतात. गावचा आठवडा आणि रजा मेच्या मध्यात टाकली तर मे महिना पूर्ण भरावा लागतो आणि जूनही. तीच रजा जूनच्या पहिल्या दोन आठवड्यांत टाकली, म्हणजे पाच दिवस गाव आणि पाच दिवस आळीपाळीची रजा, तर फक्त मे महिन्याची फी भरून काम भागतं. आंब्याचा मोसम तोवर सरत आलेला असतो आणि कोकणात पावसाची चाहूल लागलेली असते, हे खरं. पण एका महिन्याची फी वाचते. पाळणाघर आठवड्याच्या किंवा दिवसाच्या दराने घेत असेल तर ही कसरत करायची गरज नाही, म्हणून तेही विचारून घ्या.

गावी जायची तारीख ठरली की रेल्वेचं आरक्षण लगेच. नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं. 1 जूनची गाडी हवी असेल तर 2 एप्रिलला सकाळी तयार राहावं लागतं. कोकण रेल्वेवर उशीर केला तर प्रतीक्षा यादीच हातात येते, आणि मग सगळं वेळापत्रक कोसळतं.

सीबीएसई शाळांचं नवं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं, काही आठवडे शाळा भरते आणि मग सुट्टी लागते. घरातली दोन मुलं दोन मंडळांच्या शाळांत असतील तर दोन्ही तारखा एकाच कागदावर मांडा. सामाईक दिवस किती आणि एकेकट्याचे किती ते वेगळं काढा. भावंडांसाठी सवलत मागायची ती सामाईक दिवसांवर. शिवाय उन्हामुळे अनेक शाळा मार्च-एप्रिलमध्येच सकाळच्या सत्रात जातात आणि मुलं बारापर्यंत घरी येतात. शिबिरं मेमध्ये सुरू होतात, तुमची अडचण मात्र त्याआधीच सुरू झालेली असते. हे तीन-चार आठवडे लोक विसरतात.

पाळणाघर हाच कणा

पूर्ण दिवसाची स्वस्त सोय शोधताना 'समर कॅम्प' हा शब्द घेऊन फिरलात तर महागड्या जागा आधी सापडतील. 'शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी सुट्टीची बॅच आहे का?' असं घराजवळच्या पाळणाघरांना विचारा. एरवी शाळा सुटल्यावर येणारी मुलं मे महिन्यात दिवसभर येतात, त्यांच्याबरोबर दोन-चार नवी मुलं घेतली जातात. जागा मर्यादित असतात आणि जुन्या मुलांना प्राधान्य मिळतं, त्यामुळे हे विचारायची वेळ फेब्रुवारीचा शेवट. एप्रिलमध्ये विचारलं की 'यादीत नाव टाकून ठेवते' एवढंच उत्तर मिळतं.

कंपनीत 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय असावी, ही तरतूद मातृत्व लाभ कायद्यात 2017 च्या दुरुस्तीने आली. ती लहान मुलांना डोळ्यांसमोर ठेवून आहे, आठ वर्षांच्या मुलाला तिथे थेट जागा मिळेलच असं नाही. पण अनेक कंपन्यांनी ही सोय बाहेरच्या डे-केअरशी करार करून केलेली असते. मनुष्यबळ विभागाला एक ईमेल पाठवून विचारा: कोणत्या डे-केअरशी करार आहे, करारातला दर मोठ्या मुलांच्या सुट्टीच्या बॅचला लागू होतो का, आणि फक्त मे महिन्यासाठी प्रवेश मिळतो का. ईमेलला काही खर्च नाही आणि सवलत मिळाली तर ती संपूर्ण महिन्यावर मिळते.

मोठ्या साखळीतल्या डे-केअरमध्ये सांगितलेल्या फीवर 18 टक्के जीएसटी वेगळा लागतो का, नोंदणी शुल्क किती, अनामत परत मिळते का, जेवण धरलेलं आहे की वेगळं, हे एकाच वेळी लिहून घ्या. 10,000 ची फी जीएसटीसह 11,800 होते. आणि शिबिराच्या फीवर प्राप्तिकराची वजावट मिळत नाही, ती शाळा-कॉलेजच्या पूर्णवेळ शिक्षणाच्या शिकवणी शुल्कालाच आहे. कुणी तसं सांगून फी पटवून देत असेल तर ऐकू नका.

जागा बघायला जायचं ते दुपारी अडीच वाजता. सकाळी दहाला कुठलंही शिबिर छान दिसतं: मुलं ताजीतवानी असतात, रंगकाम चाललेलं असतं, ताई हसतमुख असतात. एक ते चार हा दिवसातला सगळ्यात अवघड पट्टा. जेवणं झालेली, ऊन तापलेलं, धाकटी पेंगतायत, मोठी कंटाळलीयत आणि ताईंनाही जरा टेकायचं असतं. या तीन तासांत काय करतात त्यावर शिबिर ओळखावं. वेळापत्रकात त्या जागी 'फन टाइम' एवढंच लिहिलेलं असेल तर टीव्ही लागतो असं समजून थेट विचारा, 'काल दोन ते तीनमध्ये काय केलं?' चांगल्या जागी उत्तर लगेच येतं: लहान मुलं झोपली, मोठ्यांनी कॅरम खेळला, चौघं ठोकळे जोडत बसले. अडखळत उत्तर आलं तर पुढचं घर बघा.

गेलात की नजर जमिनीपासून वर न्या. सतरंज्या किती आणि मुलं किती. पंखे सगळे चालतायत का, वीज गेली तर काय. पिण्याच्या पाण्याचा पिंप किंवा फिल्टर मुलाच्या हाताला पोचतो का. नाही पोचला तर मूल दर वेळी मागायला लाजतं आणि दिवसभरात अर्धी बाटलीही पीत नाही. संडासाची कडी आतून लागली तरी बाहेरून उघडता येते का, हे स्वतः लावून बघा. खिडक्यांना जाळी, गच्चीच्या दाराला कुलूप. माझ्या मते सहा वर्षांखालच्या आठ मुलांमागे एक आणि त्याहून मोठ्या बारा मुलांमागे एक मोठं माणूस हवंच, आणि एकूण मुलं कितीही कमी असली तरी पाळणाघरात कायम दोन मोठी माणसं हवीत. एक ताई एका मुलाला घेऊन दवाखान्यात गेली तर बाकीच्यांजवळ कोण, हा प्रश्न अगदी साधा आहे आणि त्याचं उत्तर नसलेल्या जागा बऱ्याच आहेत.

मुलाला न्यायला कोण येणार त्यांची नावं आणि फोटो आधी द्यावे लागतात का, नेताना वहीत वेळ लिहून सही घेतात का, हे बघा. 'आम्ही सगळ्यांना ओळखतो' हे उत्तर चालणार नाही. कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी झालेली असेल तर कागद दाखवायला कुणाची हरकत नसते. व्हॅनने ने-आण असेल तर चालक आणि मुलं यांच्याशिवाय आणखी एक मोठं माणूस, शक्यतो बाई, व्हॅनमध्ये असते का ते विचारा. मुलाला 1098 हा मुलांच्या मदतीसाठीच्या हेल्पलाइनचा क्रमांक आणि तुमचा स्वतःचा मोबाइल क्रमांक पाठ असायला हवा. सुट्टी लागण्याआधीच्या आठवड्यात रोज रात्री म्हणून घ्या.

कण्याला जोडायचं ते

पाळणाघर पक्कं झालं की छंदाचं छोटं शिबिर त्याला जोडता येतं, आणि तेव्हा ते परवडतं. अट एकच, ने-आण तुमच्या ऑफिसच्या वेळेत यायला नको. सकाळी साडेसहा ते आठची पोहण्याची किंवा मल्लखांबाची बॅच चालते, कारण तिथून थेट पाळणाघरात सोडून तुम्ही पुढे जाऊ शकता. अकरा ते एकची चित्रकलेची बॅच, कितीही चांगली आणि स्वस्त असली तरी, नोकरदाराच्या उपयोगाची नाही. पाळणाघरातल्या पाच-सहा मुलांना तीच बॅच हवी असेल तर मात्र शिक्षकांनाच पाळणाघरात बोलवा. आठवड्यातून तीन दिवस, दुपारी तीन ते चार. खर्च वाटला जातो आणि एक ते चारचा पट्टाही भरतो. पाळणाघर चालवणाऱ्या काकू याला सहसा तयार होतात.

पालिकेचे तरणतलाव खासगी क्लबपेक्षा बरेच स्वस्त असतात. मुंबईत त्यांची नोंदणी ऑनलाइन होते आणि उन्हाळ्याच्या बॅच पटापट भरतात. मुंबईत चर्नी रोडचं बालभवन, वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र, पुण्यात सारसबागेजवळचं गरवारे बालभवन ही नावं माहीत असू द्या. तिथे मुलांसोबत मनापासून काम होतं, पण दिवसभर मूल ठेवायची जागा म्हणून त्यांच्याकडे बघू नका. रजेच्या दिवसांत किंवा आजी-आजोबा आलेले असतील त्या आठवड्यात त्यांचा उपयोग करा. वाचनालयाचा बालविभाग तर सगळ्यात स्वस्त. वर्गणी भरून पुस्तकं आणलीत की पाळणाघराच्या पिशवीत एक पुस्तक रोज जाऊ द्या.

निवासी शिबिरं, म्हणजे सह्याद्रीत पाच-सहा दिवस तंबूत राहण्याची वगैरे, नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मुलांना फार देऊन जातात. तासाचं गणित त्यांना लावू नका, कारण रात्रीचे तास तुम्हाला विकत घ्यायचेच नव्हते. दिवसाच्या दराने बघा आणि 31 पैकी पाच दिवस त्यांनी भागतात एवढंच धरा.

चार घरांचा गट

पाळणाघर मिळालं नाही, किंवा परवडत नाही, किंवा मूल अकराचं आहे आणि 'मी काय बाळ आहे का' म्हणतं, तर सोसायटीतल्या किंवा शाळेतल्या चार घरांनी मिळून स्वतःचा गट चालवणं हा मला सगळ्यात चांगला वाटणारा मार्ग आहे. याला मेहनत लागते, पण ती मार्च-एप्रिलमध्ये. मे महिना मग निवांत जातो.

चार घरं, सहा मुलं. यापेक्षा कमी असली तर खर्च झेपत नाही, आठाच्या वर गेली तर एका हॉलमध्ये मावत नाहीत. वयातलं अंतर चार वर्षांपेक्षा जास्त नको. पाच वर्षांचं मूल आणि बारा वर्षांचं मूल एकाच दिवसक्रमात बसत नाही. मोठ्याला दाई व्हावं लागतं आणि तिसऱ्या दिवसापासून तो यायचं नाकारतो.

दिवस साडेआठ ते सात. एका माणसाला साडेदहा तास सहा मुलं सांभाळणं जमत नाही, पहिल्या आठवड्यानंतर ते सोडून जातं. म्हणून दोन ताया: एक साडेआठ ते दोन, दुसरी दीड ते सात. मधला अर्धा तास दोघी असतात, त्यात कोण जेवलं नाही, कुणाचं पोट दुखतंय, कोणाचं कोणाशी भांडण झालंय हे तोंडी सांगितलं जातं. शिवाय अकरा ते चार एक मावशी, जेवण गरम करणं, भांडी आणि दुपारच्या अवघड पट्ट्यात दुसरं मोठं माणूस म्हणून.

ताया कुठून आणायच्या? पहिली पसंती बालवाडी-प्राथमिकच्या शिक्षिकांना, विशेषतः ज्यांना सुट्टीचा पगार मिळत नाही अशांना. मुलं कशी हाताळायची हे त्यांना शिकवावं लागत नाही. दुसरी पसंती डी.एल.एड. किंवा बी.एड. करणाऱ्या मुलींना आणि मुलांना. कॉलेजची मुलगी ठरवत असाल तर तिच्या परीक्षेचं वेळापत्रक आधी मागा. विद्यापीठाच्या परीक्षा मेमध्येही चालू असतात आणि मग ऐन तिसऱ्या आठवड्यात ताई नसते. दोन तायांशिवाय तिसरं एक नाव बदली म्हणून तयार ठेवा आणि तिला एकदा आधी येऊन मुलांना भेटू द्या.

खर्च असा मांडा. एका ताईला एका पाळीचे समजा 450 रुपये, दोघींचे दिवसाला 900, तीस दिवसांचे 27,000. मावशींचे दिवसाला 250, तीस दिवसांचे 7,500. कागद, रंग, खेळ, दुपारचा खाऊ यांचे मिळून 4,500. एकूण 39,000. सहा मुलांत भागलं तर मुलामागे 6,500 आणि तास 315. तासाला एकवीस रुपयांच्या आत. कुठलंही शिबिर याच्या जवळपास येत नाही. मात्र स्वस्त पडतंय म्हणून तायांच्या पैशात काटकसर करू नका. तुमच्या गावातला दर माहीत करून घ्या, त्याहून थोडं वर द्या आणि दर शनिवारी चुकता करा.

घर आठवड्याने बदलायचं, रोज नाही. रोज बदललं की कुणाची चप्पल इथे राहते, रंगपेटी तिथे, आणि तायांना रोज नवं स्वयंपाकघर शिकावं लागतं. ज्या घरात आठवडा असेल तिथल्या आई-बाबांनी रविवारी संध्याकाळी वीस मिनिटं काढावीत: सिलिंडरचा रेग्युलेटर सकाळी निघताना बंद करायचा हे ठरवणं, त्यासाठी जेवण गरम करायला मायक्रोवेव्ह किंवा इंडक्शन शेगडी बाहेर काढून ठेवणं, बाल्कनीचं दार कुलूपबंद, औषधांचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर, बेडरूम बंद, प्रथमोपचाराची पेटी हॉलमध्ये. घरात आजी असल्या तरी त्यांना मोठ्या माणसांच्या मोजणीत धरायचं नाही. त्यांच्या दुपारच्या झोपेची खोली वेगळी राहू द्या. मुलांना गोष्ट सांगावीशी वाटली तर ती त्यांची मर्जी. 'आजी आहेतच की' या भरवशावर मावशींची सुट्टी मंजूर करणारे गट दहा दिवसांत कुरबुरींवर येतात.

रोज एक 'आजचा पालक' ठरवा. तो त्या दिवशी घरून काम करणारा किंवा अर्ध्या तासात पोचू शकणारा असावा. ताईने फोन करायचा तो एकालाच. सहा जणांना मेसेज गेला की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने बघितलं असेल. जवळच्या दवाखान्याचं नाव, मुलांची ॲलर्जी, रक्तगट आणि उपचार सुरू करायला संमती असलेला सही केलेला कागद वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.

गट मोडतात ते पैशांवरून आणि आजारपणावरून. दोन्ही गोष्टी सुरुवातीलाच लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, शेजारी असलात तरी. पहिली: वर्गणी पूर्ण कालावधीची आणि ठरलेली, मूल गावी गेलं तरी कमी होणार नाही, कारण ताईचा पगार कमी होत नाही. दोन हप्ते, एक 25 एप्रिलपर्यंत, दुसरा 15 मेपर्यंत. दुसरी: ताप उतरून औषधाशिवाय 24 तास झाल्याशिवाय मूल परत यायचं नाही. जुलाब, उलट्या, डोळे येणं यालाही हाच कडकपणा. आजारी मुलासाठी रजा लागणारच, म्हणून प्रत्येक घराने दोन दिवसांची रजा शिल्लक ठेवून नियोजन करावं. तिसरी गोष्ट मोबाइलची: मुलांचे मोबाइल सकाळी डब्यात जमा, टीव्ही दिवसातून एकदा, चार वाजता, अर्धा तास. हे सगळ्या घरांनी एकसारखं पाळलं नाही तर मुलं ज्या घरात मोकळीक आहे त्या घराचा आठवडा वाढवून मागतात.

दिवसक्रम फार भरगच्च नको. सकाळी नऊ ते साडेदहा खाली मैदानात, त्यानंतर ऊन चढतं म्हणून वर. अकरा ते साडेबारा एक हाताचं काम, जे तीन-चार दिवस चालेल असं: पुठ्ठ्याचं गाव, पतंग, कापडावर ठसे. रोज नवी ॲक्टिव्हिटी द्यायला गेलात की सामानाचा खर्च वाढतो आणि काहीच पूर्ण होत नाही. जेवण, मग दीड ते तीन शांत वेळ. झोप सक्तीची नाही, पण आडवं पडून वाचन सक्तीचं. तीन ते चार बैठे खेळ. खाऊ, अर्धा तास टीव्ही, मग साडेपाचनंतर पुन्हा खाली. नागपूर-चंद्रपूरकडे सकाळचं मैदान साडेआठलाच, म्हणजे गट भरायच्या आधीच, आटोपावं लागतं आणि संध्याकाळी सहाच्या आधी बाहेर सोडता येत नाही, त्यामुळे तिथे कूलर असलेलं घरच गटासाठी निवडा आणि कूलरची टाकी भरण्याचं काम मावशींच्या यादीत घाला.

डबा आणि पाणी

मेच्या उकाड्यात सकाळी सातला भरलेला डबा एक वाजता उघडतो. सहा तास. ओल्या नारळाची चटणी, खोबरं घातलेली उसळ, दहीभात, रसदार पालेभाजी यातलं काहीही फ्रिज नसेल तर देऊ नका. टिकतं ते कोरडं किंवा कमी पाण्याचं: दशम्या, मेथीचे ठेपले, तिखटमिठाच्या पुऱ्या, पोळी आणि भेंडीची परतलेली भाजी. पोळी-भाजी पूर्ण निवल्यावरच झाकण लावा. गरम भरली की वाफ आतच राहते, पाणी सुटतं आणि भाजी आंबते. दही द्यायचंच असेल तर पाळणाघरात फ्रिज आहे का विचारून, वेगळ्या डबीत.

पाण्याची बाटली एक लिटरची आणि बाहेरून पातळी दिसेल अशी. संध्याकाळी किती उरलंय ते बघा, 'पाणी प्यायलास का' हे विचारण्यापेक्षा ते खात्रीचं. ओआरएसची दोन पाकिटं दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात असू द्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अंदाजाने जास्त टाकू नका. मूल गळून गेलं, अंग तापलं आणि बोलण्यात गोंधळ वाटला तर पाणी पाजत बसू नये. अंग ओलं करून, वारा घालून लगेच दवाखाना.

अकरा ते चौदा वर्षांची मुलं

या वयासाठी सोय सगळ्यात कमी आहे. अनेक पाळणाघरं दहा वर्षांनंतर घेत नाहीत आणि एकटं दिवसभर घरी ठेवायला मन धजत नाही, धजूही नये. चार घरांच्या गटात अशा एका मुलीला किंवा मुलाला 'मदतनीस' म्हणून घ्या आणि ठरावीक काम द्या: रोजची हजेरी, खेळांचं साहित्य मोजून ठेवणं, लहानांना तासभर वाचून दाखवणं. त्याचे थोडे पैसे आठवड्याला त्याच्या हातात द्या. काम नेमकं असलं आणि उरलेला वेळ त्याचा स्वतःचा असला, तर हे वय महिनाभर आनंदाने येतं. दुसरा मार्ग म्हणजे सकाळी सहा ते आठ खेळाचं प्रशिक्षण, घरी येऊन आंघोळ-नाश्ता, अकरापासून वाचनालय किंवा सोसायटीची अभ्यासिका, जेवायला शेजारच्या काकूंकडे (डब्याचे पैसे देऊन), आणि दर दोन तासांनी आई-बाबांना ठरलेल्या वेळी फोन. या साखळीत एकही कडी रिकामी राहणार नाही याची आधी दोन शनिवार रंगीत तालीम करा, तुम्ही घरी असताना.

पैसे भरताना

सगळी फी एकदम भरायला सांगत असतील तर परताव्याचा नियम लेखी मागा. पुरेशी मुलं न आल्याने बॅच रद्द होणं हे मे महिन्यात नेहमीचं आहे. आयोजक ते आदल्या शुक्रवारी कळवतात आणि सोमवारी तुमच्याकडे काहीच नसतं. विचारा, 'किमान किती मुलं लागतात, आत्तापर्यंत किती आलीत, रद्द झालं तर किती दिवस आधी सांगाल आणि पैसे कधी परत?' पहिल्यांदाच चालणारं शिबिर असेल तर निम्मी रक्कम आधी आणि निम्मी तिसऱ्या दिवशी, असं बोलून बघा. यूपीआयने भरा आणि शेऱ्यात मुलाचं नाव व बॅच लिहा. पावती मागाच.

मार्चच्या एखाद्या शनिवारी मुलाला एक दिवस चाचणी म्हणून पाळणाघरात ठेवता येतं का ते विचारा. बऱ्याच जागा दिवसाचा दर घेऊन ठेवतात. संध्याकाळी आणायला गेलात की 'मजा आली का' एवढ्यावर थांबू नका. 'जेवताना शेजारी कोण बसलं होतं? संडासला जायचं होतं तेव्हा कुणाला सांगितलंस? दुपारी कुठे झोपलास?' असे नेमके प्रश्न विचारा. उत्तरं नीट आली तर त्याच सोमवारी मे महिन्याची जागा पक्की करून टाका.